राउटर बदलल्यावर घरातले स्मार्ट दिवे, प्लग आणि कॅमेरे पुन्हा जोडताना

नवा राउटर लावला की फोन, लॅपटॉप आणि टीव्ही दोन मिनिटांत सुरू होतात, कारण त्यांना पडदा असतो आणि पासवर्ड विचारायची सोय असते. खरी अडचण बिनपडद्याच्या वस्तूंची. हॉलमधला रंगीत बल्ब, गिझरचा सोळा अँपिअरचा प्लग, दारावरचा कॅमेरा, वाय-फायवाला पंखा, गच्चीवरच्या सोलर इन्व्हर्टरला लावलेली, वीजनिर्मितीची नोंद ॲपला पाठवणारी डेटा लॉगरची काडी, या सगळ्यांच्या पोटात जुन्या नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड साठवलेला असतो. तेच नाव सापडेपर्यंत त्या शोधत राहतात, आणि ॲपमध्ये प्रत्येकीपुढे ‘ऑफलाइन’ दिसतं.

अशा वेळी बहुतेक लोक एकेक वस्तू रिसेट करायला घेतात. पंधरा-वीस उपकरणं असतील तर त्यात सबंध रविवार जातो, वर टायमर आणि अलेक्साला शिकवलेली नावंही पुसली जातात. हे काम उलट्या टोकाने करायचं असतं. आधी नवा राउटर जुन्यासारखा करायचा, आणि त्यानंतरही जी उपकरणं येणार नाहीत तेवढीच हाताने जोडायची.

जुना राउटर काढण्याआधी काय लिहून घ्यायचं

जुन्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर जा. पत्ता बहुधा राउटरच्या पोटाशी चिकटवलेल्या लेबलवर असतो: १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, जिओ फायबरच्या डब्यात १९२.१६८.२९.१. तिथून या गोष्टी टिपून घ्या.

नेटवर्कचं नाव जसंच्या तसं. इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत फरक होतो, आणि नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा नावाचा भाग असते. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नाव पुन्हा टाइप करण्यापेक्षा कॉपी करून ठेवावं.

पासवर्ड. आठवत नसेल तर अँड्रॉइड १० किंवा पुढच्या फोनमध्ये जोडलेल्या वाय-फायच्या ‘शेअर’ बटणावर क्यूआर कोड येतो, बऱ्याच फोनमध्ये त्याच्याखाली पासवर्डही दिसतो. आयफोनवर आयओएस १६ पासून वाय-फायच्या सेटिंगमध्येच तो पाहता येतो.

राउटरचा स्वतःचा अंतर्गत पत्ता, आणि ठरावीक उपकरणांना कायमचे आयपी पत्ते (घरच्या नेटवर्कमधले आकडी पत्ते) बांधून दिले असतील तर ती यादी. जोडलेल्या उपकरणांच्या यादीचा स्क्रीनशॉट घ्यायला विसरू नका. काम झाल्यावर कोण आलं आणि कोण राहिलं हे त्यावरूनच कळतं. जिन्यातला दिवा किंवा टाकीच्या पंपाचा प्लग नाहीतर महिनाभराने आठवतो.

इंटरनेट बीएसएनएलच्या फायबरचं किंवा गल्लीतल्या केबलवाल्याचं असेल आणि राउटरमध्ये पीपीपीओईचं, म्हणजे इंटरनेट खात्याच्या लॉगिनचं, नाव-पासवर्ड भरलेलं असेल, तर ते आणि व्हीलॅनचा आकडा असल्यास तोही लिहून घ्या. काही ठिकाणी केबलवाला राउटरचा मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) आपल्या यंत्रणेत बांधून ठेवतो. मग बाकी सगळं बरोबर असूनही नव्या राउटरला नेट मिळत नाही. त्यावर दोन उपाय आहेत: त्याला फोन करून नवा मॅक पत्ता सांगणं, किंवा नव्या राउटरमधल्या ‘मॅक क्लोन’ या सोयीत जुना पत्ता टाकणं.

राउटर आधीच काढून माळ्यावर टाकला असेल तरी हरकत नाही. इंटरनेटच्या वायरीशिवाय नुसता वीज देऊन चालू करा, फोन किंवा लॅपटॉप त्याला जोडा. सेटिंगचं पान उघडतं.

नवा राउटर जुन्यासारखा करणं

नाव तेच, पासवर्ड तोच आणि सुरक्षेचा प्रकार जुळता, या तीन गोष्टी जमल्या की बहुतेक उपकरणांना राउटर बदलल्याचं कळतही नाही. यांपैकी नाव आणि पासवर्ड लोक बरोबर ठेवतात, अडतं ते तिसऱ्या गोष्टीपाशी.

स्वस्तातल्या स्मार्ट बल्ब-प्लगमध्ये ईएसपी८२६६ सारखी किंवा तुया कंपनीच्या मॉड्यूलमधली छोटी चिप असते. ती फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते, वाय-फायची चौथी पिढी म्हणजे ८०२.११एन इथपर्यंतची भाषा समजते, आणि जुनी असेल तर तिला सुरक्षेच्या प्रकारांपैकी डब्ल्यूपीए२ च्या पुढचं काही कळत नाही. नवा राउटर मात्र पेटीतून येतो तेव्हा दोन्ही बँडना (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) एकच नाव, डब्ल्यूपीए३ आणि वाय-फाय ६ अशा तयारीने येतो. म्हणून सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झचं पान उघडून पुढचे बदल करा.

सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२-पीएसके’ आणि एन्क्रिप्शन ‘एईएस’ ठेवा. डब्ल्यूपीए२ आणि ३ यांचा एकत्र पर्याय बऱ्याच घरांत चालून जातो, पण काही जुन्या चिप त्यावर अडखळतात. काही कारण नसताना मधूनच सुटतात, काही जोडल्याच जात नाहीत. ‘पीएमएफ’ किंवा ‘प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स’ असा पर्याय दिसला तर तो सक्तीचा नको, ऐच्छिक किंवा बंद करा. टीकेआयपी मात्र निवडू नका. ते जुनं आणि कमकुवत आहे, शिवाय ते चालू ठेवलं की सगळ्या नेटवर्कचा वेग खाली येतो.

चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ करा. ४० ठेवून या वस्तूंना काहीच मिळत नाही, उलट शेजारच्या फ्लॅटमधल्या राउटरशी टक्कर वाढते. चॅनेल ‘ऑटो’वर न सोडता १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो निवडा. एकमेकांवर न चढणारे चॅनेल एवढेच तीन आहेत. भारतात १३ पर्यंतचे चॅनेल वापरता येतात, त्यामुळे ऑटोवर असलेला राउटर कधीतरी १२ किंवा १३ वर जाऊन बसतो. अमेरिकेतून कुणी आणलेला प्लग किंवा कॅमेरा ११ च्या पुढे बघतच नाही, त्याच्या दृष्टीने नेटवर्क गायब होतं. (अमेरिकेतली वस्तू लावण्याआधी तिच्यावर १००–२४० व्होल्ट लिहिलंय का हे बघा. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टवर ती जळेल.)

वाय-फायचा प्रकार ‘बी/जी/एन’ करून पाहायची वेळ शेवटी येते. २.४ वर वाय-फाय ६ चालू असताना बरीच नवी उपकरणं नीट चालतात, पण काही जुने प्रिंटर आणि बल्ब राउटर हवेत सोडत असलेल्या नेटवर्कच्या माहितीतला अनोळखी भाग पाहून गोंधळतात. एखादं उपकरण काही केल्या येत नसेल तर २.४ पुरतं ‘एएक्स’ म्हणजे वाय-फाय ६ बंद करा. फोन आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर असतील तर त्यांना फरक पडणार नाही.

‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टीअरिंग’ निदान जोडणीचं काम संपेपर्यंत बंद ठेवा. या सोयीत राउटर प्रत्येक उपकरणाला ५ गिगाहर्ट्झकडे ढकलू पाहतो, आणि त्यासाठी २.४ वरची पहिली हाक मुद्दाम कानाआड करतो. फोन दुसऱ्यांदा हाक मारतो, तेव्हा त्याला चालतं. बल्ब हिरमुसून बसतो.

वाय-फाय ७ चा राउटर असेल तर आणखी एक गोष्ट. त्यातल्या ‘एमएलओ’ (एकाच वेळी अनेक बँड वापरणाऱ्या) नेटवर्कला डब्ल्यूपीए३ लागतंच, त्यामुळे ते डब्ल्यूपीए२ वर उतरवता येत नाही. अशा राउटरमध्ये बहुधा स्मार्ट वस्तूंसाठी ‘आयओटी नेटवर्क’ नावाची वेगळी सोय असते. जुनं नाव-पासवर्ड त्या आयओटी नेटवर्कला द्या, आणि फोन-लॅपटॉपसाठी मुख्य नेटवर्कचं नाव नवीन ठेवा. साध्या राउटरवरही ही विभागणी सोयीची पडते: जुनं नाव फक्त २.४ वर, नवं नाव ५ वर. पुढच्या वेळी राउटर बदलाल तेव्हा वस्तूंचं नाव कायम राहील आणि माणसांचं बदलता येईल.

एक अपवाद आहे. जुना पासवर्ड १२३४५६७८, मोबाईल नंबर किंवा इमारतीतल्या निम्म्या लोकांना माहीत असलेला असेल, तर तो पुढे चालवू नका. घरात कॅमेरा असताना असा पासवर्ड ठेवणं योग्य नाही. तिथे मेहनत पडली तरी नवा पासवर्ड द्या, बारा-पंधरा अक्षरांचा, इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांचा. नियमाप्रमाणे ८ ते ६३ अक्षरं चालतात, पण मोकळी जागा, अवतरण चिन्हं आणि उलटी तिरकी रेघ टाळा, काही ॲप त्यावर अडतात. नेटवर्कच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही धरून, तीन बाइट घेतं, म्हणजे दहा चिन्हांतच जागा संपते. शिवाय कित्येक उपकरणांना देवनागरी नाव वाचताच येत नाही. नाव रोमन अक्षरांत ठेवावं हे बरं.

राहिला अंतर्गत पत्ता. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणारं यंत्र), जुना प्रिंटर, काही कॅमेरे यांना बसवणाऱ्याने कायमचा आयपी दिलेला असतो, समजा १९२.१६८.०.५०. नवा राउटर १९२.१६८.१.१ वर बसला की हे सगळे वेगळ्याच वस्तीत राहिल्यासारखे होतात. नव्या राउटरच्या ‘लॅन’ सेटिंगमध्ये जाऊन त्याचाच पत्ता जुन्या राउटरसारखा केला, की एकेका यंत्राशी झगडावं लागत नाही. बदल केल्यावर राउटर पुन्हा सुरू होतो आणि सेटिंगचं पान नव्या पत्त्यावर उघडावं लागतं, तेव्हा घाबरू नका.

फायबरचा डबा आणि नवा राउटर, दोघांचं वाय-फाय

आपल्याकडे सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. कंपनीने दिलेला फायबरचा डबा स्वतःच वाय-फाय देतो. त्याच्या मागे आपण नवा राउटर लावतो, आणि घरात दोन नेटवर्क तयार होतात. अर्ध्या वस्तू डब्याला जोडलेल्या, अर्ध्या राउटरला. मग फोनवरून टीव्हीवर चित्र पाठवता येत नाही, प्रिंटर सापडत नाही, आणि दोष बिचाऱ्या टीव्हीला लागतो.

डबा काढून टाकता येत नाही, फायबर त्यातच येतं, आणि घरचा लँडलाइन फोन बहुधा त्याच्याच पोर्टला लावलेला असतो. म्हणून डब्यातलं वाय-फाय, २.४ आणि ५ दोन्ही, बंद करा. नवा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये ठेवायचा की ‘राउटर मोड’मध्ये, हा पुढचा प्रश्न. डब्याला ‘ब्रिज’ करून, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करून, मिळत असेल तर राउटर मोड उत्तम. मिळत नसेल तर ॲक्सेस पॉइंट मोड ठेवा. मग पत्ते वाटण्याचं काम डबाच करतो, घरातल्या सगळ्या वस्तू एकाच नेटवर्कवर येतात, आणि डब्याच्या लॅन पोर्टला लावलेला सेट-टॉप बॉक्ससुद्धा त्यातच राहतो. यात नव्या राउटरच्या मुलांसाठीच्या वेळमर्यादेसारख्या काही सोयी मात्र बंद होतात.

दोन्ही यंत्रं राउटर म्हणूनच चालवायची असतील तर दोघांचे अंतर्गत पत्ते वेगळे हवेत. डबा १९२.१६८.१.१ आणि राउटरही १९२.१६८.१.१ असेल तर नेट चालणारच नाही.

चालू करण्याचा क्रम

जुना राउटर पूर्ण बंद करा. हे सांगावं लागतं, कारण ‘असू दे, नंतर काढू’ म्हणून तो चालू राहिला तर त्याच नावाची दोन नेटवर्क होतात, आणि बल्ब खुशाल जुन्याला जाऊन चिकटतो जिथे इंटरनेटच नाही.

मग फायबरचा डबा चालू करा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर. तीन मिनिटं थांबा. फोनवर नेट येतंय याची खात्री करा. राउटरचं फर्मवेअर अपडेट मागत असेल तर ते आताच करून घ्या, उपकरणं जोडून झाल्यावर नको.

यानंतर एकेक स्मार्ट उपकरण भिंतीवरच्या बटणाने बंद करा, दहा सेकंद थांबा, चालू करा. एकदाच. भराभर तीन वेळा चालू-बंद केलं तर बऱ्याच बल्बांना तो रिसेटचा इशारा वाटतो आणि ते सगळं विसरतात. कॅमेरा आणि स्पीकरचे अडॅप्टर काढून लावा. वाय-फायवाला एसी असेल तर त्याचा एमसीबी मिनिटभर खाली करा, नुसत्या रिमोटने एसी बंद केल्याने त्यातलं वाय-फाय मॉड्यूल बंद होत नाही. ही बंद-चालू गरजेची असते, कारण लवकर जोडता यावं म्हणून काही उपकरणं जुन्या राउटरचा चॅनेल आणि मॅक पत्ताही लक्षात ठेवतात आणि तिथेच हाका मारत बसतात.

आता दहा मिनिटं कशालाही हात लावू नका. नंतर राउटरची जोडलेल्या उपकरणांची यादी आणि तुमचा स्क्रीनशॉट शेजारी ठेवून बघा.

जे आले नाहीत, ते हाताने

पहिली सूचना: ॲपमधून उपकरण काढून टाकू नका. तुयावर चालणाऱ्या ॲपमध्ये (विविध नावांनी विकले जाणारे कितीतरी बल्ब-प्लग यावरच चालतात) उपकरण रिसेट करून त्याच खात्यात, त्याच ‘होम’मध्ये पुन्हा जोडलं तर नाव आणि टायमर बहुधा टिकतात. काढायचंच झालं तर ‘डिस्कनेक्ट’ आणि ‘डिस्कनेक्ट अँड वाइप डेटा’ असे दोन पर्याय येतात. दुसरा निवडला की सगळं पुसलं जातं.

फोनची तयारी नीट करा, निम्मं अपयश फोनमुळे येतं. फोन २.४ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा. दोन्ही बँडना एकच नाव ठेवायचं असेल तर राउटरवरून ५ गिगाहर्ट्झ दहा मिनिटं बंद करा, हा सर्वांत खात्रीचा मार्ग. ब्लूटूथ आणि लोकेशन चालू, ॲपला दोन्हींची परवानगी. आयफोनवर आयओएस १४ पासून ‘लोकल नेटवर्क’ अशी वेगळी परवानगी आहे, ती नाकारली असेल तर ॲपला घरातलं काहीच दिसत नाही. व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस बंद. मोबाईल डेटाही बंद, त्याचं कारण पुढे आहे.

बल्ब: भिंतीच्या बटणाने चालू-बंद, चालू-बंद, चालू-बंद, चालू. प्रत्येक टप्प्यावर एक सेकंद थांबा. घाई केली तर बल्बमधल्या कपॅसिटरमधली वीज उतरत नाही आणि बंद झाल्याची नोंदच होत नाही. बल्ब भराभर लुकलुकू लागला की तो जोडणीला तयार आहे. काही कंपन्यांमध्ये पाच वेळा करावं लागतं, फिलिप्सच्या विझ बल्बांना तीन वेळा पुरतं.

जलद लुकलुक आणि सावकाश लुकलुक यांत फरक आहे. जलद असताना फोन हवेत नाव-पासवर्ड पेरतो आणि बल्ब ते ऐकतो. फोन ५ वर असेल, किंवा मेशच्या (घरभर ठेवलेल्या अनेक डब्यांच्या एकाच वाय-फायच्या) दुसऱ्याच डब्याला जोडलेला असेल, तर बल्बच्या कानावर काहीच पडत नाही आणि ॲपमधला आकडा १०० टक्क्यांपर्यंत जाऊन ‘फेल’ होतो. दोनदा असं झालं तर तिसऱ्यांदा तेच करू नका. पुन्हा रिसेट करून बल्ब सावकाश लुकलुकेल असं करा आणि ॲपमध्ये ‘एपी मोड’ निवडा. यात बल्ब स्वतःचा छोटा हॉटस्पॉट उघडतो, फोनने त्याला जोडायचं, ॲप त्याला सरळ पासवर्ड देतं. या हॉटस्पॉटला इंटरनेट नसतं, म्हणून फोन विचारतो की ‘इंटरनेट नाही, जोडलेलं राहायचं का?’ हो म्हणा. मोबाईल डेटा चालू असेल तर फोन न विचारता तिकडे पळतो आणि बोलणं अर्धवट तुटतं.

प्लग: बाजूचं बटण पाच सेकंद दाबून धरा, दिवा लुकलुकेपर्यंत. टीपी-लिंकच्या टॅपो प्लगमध्ये पाच सेकंदांनी फक्त वाय-फायची माहिती जाते आणि बाकी सेटिंग राहतं. दहा सेकंद धरलं तर सगळंच जातं, तेव्हा वेळेत सोडा. गिझर, पंप किंवा इस्त्रीचा प्लग असेल तर आधी ते उपकरण त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा. रिसेट करताना प्लगच्या आतला रिले खटाखट चालू-बंद होतो, आणि दोन किलोवॅटचा भार असताना ते प्लगलाही बरं नाही आणि गिझरलाही.

स्विचबोर्डात बसवलेली स्मार्ट बटणं: लोखंडी पेटीत बसवलेली असतील तर सिग्नल मुळातच कमी पोचतो. जोडणीपुरता राउटर लांब वायरीने जवळ आणला तर काम होतं, पण कायमस्वरूपी उपाय म्हणून त्या खोलीत ॲक्सेस पॉइंट लागेल. बोर्ड उघडायचा असेल तर मेन स्विच बंद करा.

ॲमेझॉन इको: पूर्ण रिसेटची गरज नसते. अलेक्सा ॲपमध्ये ते उपकरण उघडून सेटिंगमध्ये वाय-फाय नेटवर्कपुढचं ‘चेंज’ दाबा आणि ॲप सांगेल तसं करा. गूगलच्या स्पीकरचं काम जुना राउटर चालू असतानाच सोपं होतं: गूगल होम ॲपमध्ये वाय-फाय ‘फरगेट’ करून नव्यावर पुन्हा जोडता येतं. जुना राउटर उरला नसेल तर बहुधा रिसेट करावं लागतं. दुसऱ्या पिढीच्या नेस्ट मिनीमध्ये बाजूच्या बटणाने माइक बंद करायचा आणि वर मधोमध बोट सुमारे पंधरा सेकंद, आवाज येईपर्यंत ठेवायचं.

कॅमेरा: मेमरी कार्ड आधी काढून ठेवा. रिसेटचं बारीक भोक किंवा बटण पाच-दहा सेकंद दाबा. क्यूआर कोड दाखवून जोडायचा कॅमेरा असेल तर फोनचा प्रकाश पूर्ण वाढवा, डार्क मोड बंद करा आणि फोन कॅमेऱ्यापुढे वीतभर अंतरावर धरून हळूहळू मागे न्या. फोनच्या काचेवर ट्यूबलाइट चमकत असेल तर कोड वाचला जात नाही. उंचावरचा कॅमेरा खाली काढून राउटरजवळ जोडा, मग वर चढवा.

डीव्हीआर किंवा एनव्हीआर वायरीने जोडलेला असेल आणि फोनवर दिसत नसेल, तर त्याला लावलेल्या पडद्यावर नेटवर्कचा मेनू उघडा. तिथे ‘गेटवे’ म्हणून जुन्या राउटरचा पत्ता सापडेल. एक तर डीएचसीपी (राउटरकडून आपोआप पत्ता घेण्याची सोय) चालू करा, नाहीतर आयपी आणि गेटवे दोन्ही नव्या राउटरच्या मालिकेतले द्या. चित्रीकरण या काळात थांबलेलं नसतं, फक्त बाहेरून दिसत नसतं.

सोलरच्या लॉगरचंही तसंच. वीजनिर्मिती चालूच राहते, थांबते ती ॲपवरची नोंद, त्यामुळे कित्येकांच्या हे महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. लॉगरची काडी रिसेट केल्यावर तिच्या अनुक्रमांकाच्या नावाचा हॉटस्पॉट दिसतो. सोलारमन प्रकारच्या काड्यांमध्ये त्याला जोडून ब्राउझरमध्ये १०.१०.१००.२५४ उघडलं की घरचं वाय-फाय निवडता येतं. काम दिवसा करा. बऱ्याच काड्यांना वीज इन्व्हर्टरमधूनच मिळते, आणि सूर्य मावळला की इन्व्हर्टरही झोपतो. गच्चीपर्यंत सिग्नल पोचतो का हे तिथेच उभं राहून २.४ वर तपासा. स्लॅबमधून ५ गिगाहर्ट्झ वर येईल अशी आशा धरू नका.

प्रिंटर त्याच्या मेनूतून नव्या नेटवर्कला जोडा. डब्ल्यूपीएसचं (पासवर्ड न टाकता जोडायचं) बटण डब्ल्यूपीए३ वर चालत नाही, डब्ल्यूपीए२ वर चालतं. काम झालं की ते बंद करून टाका. प्रिंटर जोडला गेला आणि तरी लॅपटॉपवर ‘ऑफलाइन’ असेल तर विंडोज जुन्या आयपीकडे कागद पाठवत असतं. लॅपटॉपमधून प्रिंटर काढून पुन्हा जोडा.

झिग्बीची उपकरणं, म्हणजे फिलिप्स ह्यूसारखी हबवर चालणारी, यांतल्या कशातच येत नाहीत. हबची लॅन वायर नव्या राउटरला लावली की सगळे दिवे परत येतात. फक्त हब राउटरला चिकटून ठेवू नका. झिग्बीही २.४ वरच बोलतं, मीटरभर तरी अंतर असू द्या. मॅटर या सगळ्या कंपन्यांच्या सामायिक पद्धतीची उपकरणं घरातल्या घरात आयपीव्ही६ वापरतात, म्हणून नव्या राउटरमध्ये ते पूर्ण बंद करून ठेवू नका.

जोडलं, पण नीट चालत नाही

ॲपमधून बल्ब लागतो, पण फोनवरून टीव्हीला चित्र जात नाही किंवा स्पीकर सापडत नाही: ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ बहुधा चालू आहे. या सोयीने एकाच वाय-फायवरची उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. गेस्ट नेटवर्कमध्ये ती मुद्दाम चालूच असते. त्यामुळे कॅमेरे, बल्ब गेस्टवर टाकले तर क्लाउडमधून चालतील, पण टीव्ही आणि प्रिंटर मुख्य नेटवर्कवरच हवेत.

तासाभराने सुटतं आणि पुन्हा येतं: आधी सिग्नल बघा. राउटरच्या यादीत उणे डीबीएममध्ये आकडा असतो. उणे ६७ पर्यंत छान, उणे ७५ च्या पलीकडे कुरकुर, उणे ८० ला उपकरण तग धरत नाही. सिग्नल चांगला असूनही सुटत असेल तर पीएमएफ आणि एएक्स यांच्याकडे परत जा. मेशमध्ये एखादा बल्ब लांबच्या डब्याला चिकटून बसला असेल तर तो बंद-चालू करा.

ठरावीक उपकरणच अधूनमधून गायब होतं: दोघांना एकच आयपी मिळालाय का बघा. हाताने दिलेला आयपी राउटरच्या वाटपाच्या पट्ट्यात, समजा १०० ते १९९ मध्ये, पडत असेल तर राउटर तोच पत्ता दुसऱ्याला देऊन टाकतो. कायमचा पत्ता उपकरणात देण्यापेक्षा राउटरच्या ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये द्यावा.

पावसाळ्यात वीज दोन-तीनदा झटके देऊन आली की सकाळी हॉलचा बल्ब आपोआप लुकलुकताना सापडतो. तो बिघडलेला नाही, विजेच्या झटक्यांना त्याने रिसेटचा इशारा समजलंय. काही ब्रँडच्या ॲपमध्ये हा चालू-बंदचा रिसेट बंद करता येतो, असेल तर करा. राउटर आणि फायबरच्या डब्याला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावला तर लाइट गेल्यावर नेटवर्क तरी उभं राहतं, आणि लाइट आल्यावर उपकरणांना लगेच जोडता येतं. यूपीएस घेण्याआधी दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, सगळे डबे १२ व्होल्टचे नसतात.

सगळं आलं की नव्या राउटरच्या सेटिंगच्या पानाचा पासवर्ड बदला (हा वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो) आणि तिथे ‘बॅकअप’ची सोय असेल तर त्याची फाइल उतरवून ठेवा. जुना राउटर आठवडाभर तरी तसाच ठेवा, एखादं विसरलेलं सेटिंग बघायला लागतं. नंतर तो कंपनीला परत करायचा, विकायचा किंवा कुणाला द्यायचा असेल तर आधी मागचं रिसेट बटण टाचणीने दहा सेकंद दाबून मोकळा करा. त्यात तुमचं पीपीपीओई खातं आणि नव्या राउटरलाही दिलेला तोच वाय-फायचा पासवर्ड आहे.